सिस्टरची पिवळी जास्वंद

९ नोव्हेंबर

ही वही माझी नाही. कोर्टात छत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात ती निम्मी भरली आहे. डाव्या रकान्यात आईझाड, मग फुली, मग बापझाड. पुढे तारीख, वेळ, हवा. शेवटी एकच शब्द: धरलं, किंवा गळलं. मागच्या अंगणात आम्ही दोघं जास्वंदीच्या नव्या जाती करतो, त्याची ही अकरा वर्षांची नोंद. कुंचला माझा, लेखणी यांची.

शेवटची ओळ २४ ऑगस्टची आहे. ‘सिस्टर × नारिंगी, सकाळी ७.१०, ढगाळ.’ ती लिहून हे आत गेले. मी बाहेरच राहिले. आणखी दोन फुलं उमलली होती आणि परागकण सुकायच्या आत ती उरकायची होती. मी आत गेले तेव्हा हे देवघराच्या उंबऱ्यात आडवे होते. आठ वाजायला पाच मिनिटं कमी होती. किती वेळ पडले होते ते आता कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चांगला माणूस.

उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. पाय सावरला. त्या ओळीपुढचा रकाना कोराच आहे. फळ गळलं होतं, पण दवाखान्यातून आल्यावर तिथे मला लिहवलं नाही. आज पान उलटून इथून सुरुवात केली.

सिस्टर म्हणतो त्या पिवळ्या जास्वंदीच्या बुंध्याला जमिनीलगत काळं पडलं आहे. नखानं टोकरलं तर आत ओलं लागतं.

११ नोव्हेंबर

नर्सरीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, मॅडम, ही काही उन्हाळा काढत नाही, दुसरी देतो, हायब्रीड, ताटाएवढं फूल. त्याला काय सांगणार?

१९७९ साली दहावीच्या निरोप समारंभाला कॉन्व्हेंटच्या बागेतल्या या जास्वंदीची एक काडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सिस्टर बेनेडिक्टांनी मला दिली. सगळ्या मुलींना होली पिक्चर दिलं, मला काडी. रंग सायीसारखा पिवळट, गळ्यात डाळिंबी ठिपका, पाकळ्यांची कड किंचित दुमडलेली. शुक्रवारी नेचर स्टडीच्या तासाला राखाडी झग्यावर ॲप्रन बांधून, रंगपेटीतला कुंचला घेऊन त्या या फुलापाशी उभ्या राहत. आधी क्रूसाची खूण, मग कुंचला. आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. पुढे नवी इमारत झाली तेव्हा तिथलं झाड गेलं. सिस्टरही गेल्या. माझी काडी माझ्याबरोबर तीन घरं फिरली.

या दिवाळीपासून नऊ काड्या लावल्या. नऊही कुजल्या. आता एकच वाट आहे. तिच्यावर आमच्या नारिंगीचे पराग घालून एक तरी बोंड धरवायचं. बी आलं तर तिचं निम्मं रक्त तरी अंगणात राहील. वीस फुलांवर करावं तेव्हा एखादं धरतं आणि बोंड पिकायला दोन महिने लागतात. कळ्या मी मोजल्या. मोठ्या सात, बारीक काही.

१४ नोव्हेंबर

यांना व्यायाम शिकवायला सोनम येते. तेवीस-चोवीस वर्षांची, भारी उत्साही. तिच्या लक्षात आलं की यांना उजव्या बाजूच्या वस्तू दिसतात पण ध्यानात येत नाहीत. ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते. म्हणून आज तिनं लाल लोकरीचा गुंडा आणला आणि पेल्याला, दाराच्या कडीला, काठीला, दात घासायच्या ब्रशला, जिथे तिथे लोकर बांधली.

“काका, लाल दिसलं की काय करायचं?”

“बरं.”

“बरं नाही हो काका, धरायचं! उजव्या हातानं.”

“बरं.”

हा एकच शब्द उरला आहे. आनंद, कंटाळा, भूक, सगळं त्याच एका शब्दात. सोनमनं पेला वीस वेळा धरायला लावला. अठराव्या वेळी बोटं वळली. ती टाळ्या वाजवत होती आणि हे माझ्याकडे बघत होते. ती नजर मला वाचता आली नाही.

१९ नोव्हेंबर

आज पहिलं फूल उमललं. सव्वासातला पराग घातले. चांगली दाट धूळ बसली, पाचही टोकांवर.

पूर्वी हे कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून दोऱ्यानं देठाला अडकवायचे. त्या चिठ्ठ्या अजून डब्यात आहेत, पण त्यांवर माझं गिचमिड अक्षर नको वाटलं. स्वयंपाकघराच्या खणात सोनमची उरलेली लोकर होती, तिचाच एक तुकडा खूण म्हणून बांधला.

२० नोव्हेंबर

फूल गेलं.

देवाची फुलं काढणं हे यांचं चाळीस वर्षांचं काम. सासरे गणपतीच्या देवळात पूजेला होते, तेव्हापासूनची सवय. सोनम म्हणाली, हे काम परत सुरू करा, काकांच्या हाताला त्यासारखा व्यायाम नाही. म्हणून आजपासून नागव्वा, आमच्याकडे कामाला येते ती, यांना धरून बागेत नेते. यांनी एक तोडलं की बाकीची ती काढून परडीत टाकते. यांनी तोडलेलं ते एक माझं होतं. कालचं, मिटलेलं, देठासकट. अंगणात पस्तीस-चाळीस तांबडी ताजी फुलं असताना.

देवापुढे ठेवलेलं मी बघितलं. देवाला वाहिलेल्या फुलावरून कुणाशी भांडायचं?

२७ नोव्हेंबर

दुसरंही गेलं. मी काल रात्रीच्या जेवणाच्या वेळी यांना नीट समजावलं होतं. हातात हात घेऊन म्हटलं, पिवळ्याला हात लावू नका, त्यात फळ धरायचं आहे, आपली सिस्टर जायला आली आहे. हे म्हणाले, “बरं.” आणि सकाळी सरळ तिथेच.

नागव्वा म्हणाली, “मी म्हनलं, अण्णा, हितं बगा की, तांबडी केवडी फुलली हायत. न्हाय! तितंच. माजं कोन ऐकतंय?”

माझ्याकडे बघून तिला हसू आलं. “नवऱ्यानं फूल तोडलं म्हनून तोंड पाडून बसलेली बाई पयल्यांदाच बगितली वो. आमच्या मैंदर्गीत नवऱ्यानं एक फूल आनलं तर बाई गावभर दावत हिंडंल.”

तिला कसं सांगू? माणूस बागेतलं शंभर सोडून नेमकं तेच एक तोडतो, तेव्हा त्याला काहीतरी म्हणायचं असतं. त्या दिवशी मी कुठे होते हे यांना माहीत आहे. कुंचला हातात धरून मी कुणापाशी उभी होते, हेही. मी आत यावं म्हणून त्यांनी हाक मारली असेल. मारलीच असेल. तेव्हा अजून आवाज असेल.

यांचा राग आहे. असू दे. मी असते तर मलाही आला असता.

३ डिसेंबर

आज वाईट वागले.

तिसरं फूल उमललं म्हणून बाहेर गेल्यावर मागच्या दाराला बाहेरून कडी घातली. ठरवलं, नऊपर्यंत उघडायचं नाही. नागव्वा आज उशिरा येणार होती. पराग घातले, लोकर बांधली. तेवढ्यात आतून कडी हलवल्याचा आवाज यायला लागला. हे परडी घेऊन दाराशी आले होते. दार हलत होतं, थांबत होतं, पुन्हा हलत होतं. मी नारिंगीची वाळकी पानं वेचत राहिले. मग आवाज थांबला.

तो थांबला तशी हातातली पानं टाकली. धावत जाऊन कडी काढली. हे जमिनीवर होते, दाराच्या चौकटीला टेकून. मी ओरडले. शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या. पण हे पडले नव्हते. दमून नुसते बसले होते. परडी मांडीवर.

“बरं,” म्हणाले.

मी हात धरून यांना बागेत नेलं आणि तिसरं फूल तोडू दिलं. मान फिरवून उभी राहिले.

११ डिसेंबर

चौथं फूल, यांना चार-पाच दिवस सर्दी होती म्हणून, यांचा हात न लागता झाडावर राहिलं. मी देवाचे आभार मानले, सवयीनं येशूचेही. पाचव्या दिवशी देठ पिवळा पडला. आज सकाळी मातीवर पडलेलं सापडलं, लोकरीसकट. आपोआप गळलं. यांच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही.

वही चाळत बसले. २०१९ चं पान. नारिंगीच्या खेपेला छत्तीस रोपं झाली होती. दीड वर्षानं एकेक फुलायला लागलं. कुणाचा रंग मळका, कुणाच्या पाकळीला चीर, कुणी मान टाकलेलं. माझ्यानं एकही उपटवेना. मला सगळीच आवडत होती. आपणच जन्माला घातलेली, त्यांना नापास कसं करायचं? हे म्हणाले, शकू, तू आत जा, चहा टाक. मी स्वयंपाकघरात पाण्याचा नळ मोठा सोडून उभी राहिले, ऐकू येऊ नये म्हणून. बाहेर आले तेव्हा पस्तीस रोपं खड्ड्यात होती आणि हे एका फुलापुढे उभे होते. कितीतरी वेळ नुसते बघत. मग ते तोडून देवाला वाहिलं. आमच्या घरची रीतच ती. राखायचं ठरलेल्या रोपाचंच पहिलं फूल गणपतीला, बाकीच्यांचं नाही.

निवड नेहमी यांची. मला ते जमलं नाही कधी.

६ जानेवारी

अंगारकी. दोन फुलं एकदम उमलली. थंडी छान आहे, बोंड धरायला याहून चांगली हवा मिळणार नाही. बुंधा आता वीतभर काळा झाला आहे.

या खेपेला मी हुशारी केली. दोन्हींना लोकरीचे दोन-दोन वेढे दिले, ठळक दिसावेत म्हणून, म्हणजे नागव्वाही विसरणार नाही. शिवाय एकाला मलमलीची पिशवी घालून तोंड बांधलं.

हे पिशवीसकट तोडून घेऊन आले. गणपतीपुढे एकवीस तांबड्या फुलांत एक पिवळं आणि एक टोपडं घातलेलं.

नागव्वा देवघराच्या दारात हसून हसून खाली बसली. “अय्यो, देवाला थंडी वाजतीया म्हनून अण्णानं कुंची आनली!” मलाही हसू फुटलं. हेही हसले, तोंडाच्या एका बाजूनं. ऑगस्टनंतर प्रथम आम्ही तिघं एकदम हसलो. मग मी न्हाणीघरात जाऊन रडले.

१० जानेवारी

सोनम एरवी संध्याकाळी येते. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रस्ते बंद होतील म्हणून आज सकाळीच आली आणि मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. हे फुलं काढत होते. सिस्टरचं नव्हतंच आज. पण परवा सुटून पडलेला लोकरीचा एक तुकडा वाऱ्यानं तांबडीच्या फांदीला अडकला होता. यांनी तिथलं फूल तोडलं.

“अय्या काकू!” सोनम ओरडलीच. “तुम्ही इथेही लाल लोकर लावलीत? मला सांगितलं का नाही? किती मस्त आयडिया! बघा, काका लाल दिसलं की धरतायत. बाकी फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत.”

मी म्हटलं, “अगं, फुलंही तांबडीच आहेत की.”

“ती पानांत असतात हो, सगळीकडेच असतात. काका लोकर शोधतात. लोकर म्हणजे आपलं काम, हे डोक्यात बसलंय. एवढ्या महिन्यांत मला जे जमलं नाही ते तुम्ही करून घेतलंत.”

तिनं मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून यांच्याकडे बघत होते.

१२ जानेवारी

दोन दिवस हाच विचार आहे. मीच खूण करत होते आणि हे मी सांगितलेलं काम करत होते. रोज. मन लावून. “काढू नका” म्हटल्यावर “बरं” म्हणत होते आणि लोकर “काढा” म्हणत होती.

आनंद व्हायला हवा. राग नव्हता तर. त्या दिवसाबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. तरी आज देवघरात बसून मला फार एकटं वाटलं. हे रागावले आहेत असं वाटत होतं तोवर निदान माझ्याशी बोलत तरी होते.

१६ जानेवारी

जत्रेतल्या मानाच्या काठ्यांची मिरवणूक पुढच्या चौकातून गेली. यांना खुर्चीवर फाटकाशी बसवलं होतं. वाजंत्री ऐकून डावा हात जोडला, मग उजवा उचलून त्याला लावला. नागव्वानं डोळ्यांना पदर लावला.

सिस्टरची पानं एका बाजूनं पूर्ण गळली. एक कळी उरली आहे. फक्त एक. पुष्कळदा जाऊन बघते.

२२ जानेवारी

आज माघी गणेश जयंती. नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवायला लागेल.

सात वाजता ती कळी उमलली होती. फूल नेहमीपेक्षा लहान, कड फार दुमडलेली, पण ठिपका तोच. नारिंगीचे पराग घातले. लोकर बांधली नाही. उलट पलीकडच्या वाफ्यात तांबडीच्या पाच फुलांना बांधली, यांच्यासाठी. दार उघडं ठेवलं. वाटलं, आता सगळं बरोबर झालं. यांचं यांना, माझं मला.

नागव्वा यांना घेऊन आली. यांनी पाचही काढली. बोटं आता चांगली मिटतात. नागव्वा मोजत होती, “एक, दोन, हां अण्णा, लई बेस!” पाच झाल्यावर ती परडी घेऊन आत वळली. मी नळाशी हात धूत होते.

हे परत फिरले नाहीत. कुणी न धरता, काठी टेकत, सिस्टरपाशी गेले आणि उभे राहिले. तिथे कुठेही लाल नव्हतं. फूल उजव्या अंगाला होतं, यांच्या ध्यानात न येणाऱ्या बाजूला. तरी मान तिकडे वळली. कितीतरी वेळ हे नुसते बघत होते. बुंध्याकडे बघितलं, गळलेल्या पानांकडे बघितलं, पुन्हा फुलाकडे.

मग उजवा हात वर गेला.

मी चार पावलांवर होते. “अहो” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, किंवा नुसतं मध्ये जाऊन उभं राहिलं असतं तरी. मला कळत होतं की हे शेवटचं आहे, याच्यानंतर काही नाही. हेही कळत होतं की ऑगस्टपासून या माणसानं स्वतःच्या मनानं केलेली ही पहिली गोष्ट आहे. रागानं की सवयीनं की आणखी कशानं, मला आजही सांगता येणार नाही. ओल्या हातांनी मी तिथेच उभी राहिले. हलवलंच नाही मला.

यांनी ते तोडलं, अगदी हलक्या हातानं, देठ न पिळता. परडी आत गेली होती. मग तळहातावर धरून स्वतःच देवघरात गेले.

मी मागोमाग गेले. बाकीची फुलं पायाशी होती. हे एकच यांनी गणपतीच्या मस्तकावर ठेवलं. दोनदा घसरलं, दोनदा उचललं. टोकांवर मी घातलेले पराग तसेच होते, पिवळे, दाट.

२ फेब्रुवारी

आज नागव्वानं सिस्टरला उपटलं. जोर लावावाच लागला नाही. मुळं काळी आणि मऊ होती. “बाई, कधीचंच गेलतं वो हे,” ती म्हणाली. “वर नुसतं उभं हुतं.” तिनं खड्डा बुजवला. हे खुर्चीत बसून बघत होते.

संध्याकाळी सोनम आली. तिच्या फायलीत महिन्याचा तक्ता असतो. मी बावीस तारखेचं सांगितलं होतं, ते तिला पुन्हा ऐकायचं होतं. कुणी धरलं नव्हतं ना? नाही. लोकर नव्हती? नाही. उजवीकडचं होतं? हो. उजव्याच हातानं? हो. ती एकेका रकान्यात बरोबरची खूण करत गेली आणि दर खुणेला यांच्याकडे बघून हसत होती.

“आणि फूल कुठलं होतं काकू? काय आहे, रंग किती ओळखतात तेही लिहायचं असतं.”

सांगायला लागले असते तर कॉन्व्हेंटच्या बागेपासून सुरुवात करावी लागली असती. ती पेन उघडं धरून थांबली होती.

“पिवळं,” मी म्हटलं.

तिनं ‘पिवळं’ लिहिलं आणि पान उलटलं.